थॉम्सेनच्या टर्कीतलं बटण

ज्या माणसाच्या टर्कीत बटण सापडलं, त्याने पुढे गावात तोंड कसं दाखवावं, याबद्दल नेब्रास्काच्या एकाही कायद्यात अवाक्षर लिहिलेलं नाही. ड्वेन थॉम्सेनने शोधून पाहिलं होतं. तो काउंटीच्या कचेरीत कामाला, तेव्हा कायद्याची पुस्तकं हाताशीच. बावीस वर्षं तो लोकांची घरं, कोठारं आणि जमिनी बघून करासाठी त्यांची किंमत ठरवत आला होता. म्हणजे मुळात लोकप्रिय असण्याचा प्रश्नच नव्हता. पण निदान खरं बोलणारा माणूस म्हणून नाव होतं. तेही बटणापायी गेलं.

झालं होतं असं. हॅडली फोर्कच्या लूथरन चर्चमध्ये दर फेब्रुवारीच्या पहिल्या रविवारी, प्रार्थना आटोपली की तळघरात शिकारीचं जेवण असतं. अट एकच, जे आणायचं ते आपण स्वतः मारलेलं हवं. कुणी हरणाचं तिखट कालवण आणतं, कुणी फेझंट नावाचं रानकोंबडं, कुणी ससा. प्रत्येक भांड्यापुढे एक कार्ड, त्यावर प्राण्याचं नाव आणि शिकाऱ्याचं नाव. गेल्या वर्षी ‘रानटर्की : ड्वेन थॉम्सेन’ या कार्डापुढच्या भांड्यात गावचा एकुलता एक दंतवैद्य, डॉक व्हर्नन प्लिहाल, याने डाव घातला आणि रश्शातून एक प्लास्टिकचं बटण वर काढलं. लाल टोकाचं. दुकानात गोठवलेली टर्की मिळते ना, तिच्या छातीत हे बटण खोचूनच येतं. मांस शिजलं की ते टुणकन वर उडी मारतं. रानातल्या टर्कीला परमेश्वराने अशी सोय केलेली नाही.

“अरे वा ड्वेन,” डॉक ते बटण काट्यावर धरून सगळ्या तळघराला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाला, “तुझ्या रानात तर टर्क्या शिजण्याची सूचना देऊनच मरतात!”

ड्वेनने टर्की खरोखरच मारली होती. टर्कीबरोबरचा फोटो दाखवला, त्यावर डॉक म्हणाला, फोटोतली टर्की आहे रे खरी, भांड्यातली नाही. त्या दिवसापासून गावात ड्वेनचं नाव ‘बटण’ पडलं. पेट्रोल पंपावर ‘काय बटण’, बँकेत ‘या बटणसाहेब’. पास्टर लिनीया बाई तेवढ्या कधी काही बोलल्या नाहीत, पण त्यांनी एका रविवारी खोटं बोलण्यावर प्रवचन दिलं आणि दोनदा ड्वेनच्या बाकाकडे बघितलं. ड्वेनने मोजलं होतं.

आता हे बटण कुणी टाकलं? ड्वेनने एक वही उघडली. वहीत संशयितांची यादी केली. पहिला डॉक प्लिहाल, कारण ते सापडलं त्यालाच. दुसरा शेजारचा गेल बोल्टे, कारण तो ड्वेनच्या स्वयंपाकघरात कधीही दार न वाजवता येतो. तिसरी चर्चची कॉफी करणारी मंडळी, घाऊक. सगळ्यात शेवटी बायकोचं नाव, आर्डिस, आणि त्यापुढे कंसात ‘साक्षीदार’. कारण त्या सकाळी ड्वेन चर्चमध्ये टेबलं मांडायला गेला होता आणि टर्की तिनेच भाजली, कापली, रश्शात घालून आणली.

“सोड ना आता ते,” आर्डिस अधूनमधून म्हणायची.

“सोडू? माझी अब्रू गेली आर्डिस, आणि तू म्हणतेस सोडू? पुन्हा सांग, त्या दिवशी गेल किती वाजता आला होता?”

“आला नव्हता.”

“बघ. नेमका त्याच दिवशी आला नाही. का नाही आला?”

यावर ती भांडी घासायला उठे.

तर यंदा असली रानटर्की मारायची, सगळ्यांदेखत वाढायची आणि डॉकच्या तोंडूनच वदवून घ्यायचं की ड्वेन थॉम्सेन खोटारडा नाही. जानेवारी संपला की टर्कीचा मोसम संपणार. ड्वेनने शेवटच्या आठवड्यातली तीन दिवसांची रजा टाकली, परवाना काढला, पाच काडतुसांची पेटी आणली. एवढी बातमी गावात पोचायला दुपार पुरली. डॉकने पोस्टाबाहेर गाठून बजावलंच, “फोटो नको, पिसं नकोत, पाय नकोत. पिसं काय, कुणाचीही आणशील. माझ्या दाताखाली बंदुकीचा छर्रा आला, तरच मी मानीन.”

“येईल,” ड्वेन म्हणाला. “वाट बघ.”

त्या आठवड्यात हवा अशी की कोठाराबाहेर बादली ठेवली तर पाणी गोठायच्या आधी बादलीच उडून जावी. शून्याखाली पंधरा आणि वर उत्तरेचा वारा. गेल बोल्टे स्वयंपाकघरात आला (दार न वाजवता) आणि पाय पसरून सल्ला द्यायला बसला. गेल विधुर होता, निवृत्त होता, आणि त्याच्याकडे सल्ले आणि वेळ, दोन्ही भरपूर होतं.

“असल्या वाऱ्यात टर्की झाडीत राहत नाही, बरं का. तिला ऐकू येत नाही ना काही, मग ती घाबरते. ती कुठे जाते? दक्षिणेच्या उतारावर, वाऱ्याच्या आडोशाला. त्यात जिथे गुरांना चारा टाकतात तिथे. सगळा कळप तिथेच उभा असतो दिवसभर.”

“म्हणजे कुठे?”

“ते कसं सांगू? ज्याची त्याची जागा असते.”

“तुला माहीत आहे ना पण?”

“माहीत आहे म्हणून तर सांगत नाही.”

ड्वेनने वहीत गेलच्या नावाखाली रेघ मारली. हा माणूस मुद्दाम दक्षिणेचा उतार सांगतोय, म्हणजे टर्क्या नक्की उत्तरेच्या झाडीत असणार. इतका साधा डाव आपल्याला कळू नये काय! असं म्हणून पहिल्या दिवशी तो उजाडता उजाडता नदीकाठच्या काउंटीच्या मालकीच्या झाडीत जाऊन बसला. पाठ झाडाला, तोंड वाऱ्याला. टर्कीला बोलवायची लाकडी डबी असते, झाकण घासलं की टर्कीसारखा चिरका आवाज येतो. त्याने ती घासली. आणि काय आश्चर्य, पलीकडून लगेच उत्तर आलं!

ड्वेन सरसावून बसला. त्याने पुन्हा घासली. पुन्हा उत्तर. वारा वाढला की उत्तर जोरात यायचं, वारा पडला की टर्की रुसायची. दोन तास हा संवाद चालला. मधे मधे ड्वेनने आळवणी केली, लाडीगोडी लावली, एकदा मत्सर वाटावा म्हणून दुसऱ्याच मादीचा आवाज काढला. बोटं बधिर झाली, भुवयांवर बर्फ साचलं, पण तो हटला नाही. शेवटी अंग आखडलं म्हणून उठून गेला बघायला, तर पलीकडे कुंपणाचं एक मोडकं फाटक गंजलेल्या बिजागरीवर हलत होतं. ड्वेनने इकडेतिकडे पाहिलं. कुणी बघितलं नव्हतं. तरीही परतीच्या वाटेवर त्याला वाटत राहिलं की ते फाटक तिथे कुणीतरी आणून लावलं असावं.

मग दुसऱ्या दिवशी झक मारत दक्षिणेचा उतार. आता दक्षिणेचे उतार सगळे खाजगी, आणि इथे मालकाला विचारल्याशिवाय कुणाच्या जमिनीवर पाऊल टाकत नाहीत. विचारायचं म्हणजे पिकअप अंगणात उभी करायची, टोपी काढायची, दार वाजवायचं. पण दारात काउंटीचा करवाला उभा, टोपी हातात, आणि म्हणतो काय, तर जमिनीवर जरा फिरू का? चार घरी त्याने विचारलं. पहिल्याने कुत्रं सोडलं. दुसऱ्याच्या बायकोने “आमच्याकडे काही नवीन नाही, सगळं जुनंच आहे” असं न विचारताच सांगितलं. तिसऱ्याने दारच उघडलं नाही, मात्र पडदा हलला. चौथा, लेलँड हूबका, हो म्हणाला, कारण त्याला कानाने कमी ऐकू येत होतं.

हूबकाच्या उतारावर ड्वेनने रबराची नकली टर्की रोवली आणि गवतात आडवा पडला. वाऱ्याची एक झुळूक आली, म्हणजे झुळूक कसली, धक्काच, आणि नकली टर्की उडाली. ती दोन कोलांट्या मारून टेकडीपलीकडे गेली. ड्वेन पोटावर सरपटत तिच्यामागे, कारण उभं राहिलं तर आसपासच्या खऱ्या टर्क्या बिथरतील. सरपटत सरपटत तो नेमका हूबकाच्या नव्या कोऱ्या धान्याच्या कोठाराच्या मागे पोचला. हे कोठार कचेरीत कुठेच नोंदलेलं नव्हतं, आणि त्याच वेळी हूबका त्याच्या मागच्या दारात उभा होता. हूबकाला ऐकू कमी यायचं, पण दिसायचं लख्ख.

“पोटावर!” दुपारी तो गावच्या हॉटेलात सांगत होता. “पोटावर सरपटत माझं कोठार मोजतोय! आणि साहेबांनी सोबत काय आणलंय, तर रबरी कोंबडं!”

चार वाजता कचेरीतून फोन आला. काउंटीच्या सचिव बाई, ज्युनिस राटके, ड्वेनच्या दुप्पट संशयी. “थॉम्सेन, तू ज्यांच्या जमिनीची किंमत ठरवतोस, त्यांच्याकडून शिकारीची परवानगी घेतोयस?”

“हो, पण…”

“म्हणजे भेटवस्तू झाली. भेटवस्तू घेतली तर फॉर्म भरायचा. ये आधी.”

ड्वेन गेला. फॉर्मवर रकाना होता, ‘भेटवस्तूचं स्वरूप’. त्याने लिहिलं, ‘टर्कीवर गोळी झाडण्याची मुभा’. पुढचा रकाना, ‘अंदाजे किंमत’. इथे बावीस वर्षं लोकांच्या छपरांची किंमत ठरवणारा माणूस पेन घेऊन बसून राहिला. शेवटी त्याने ‘टर्की मिळाल्यास ठरेल’ असं लिहिलं. ज्युनिसने तो परत ढकलला, हा आकडा नाही म्हणाली. मग त्याने शून्य लिहिलं.

ज्युनिसने चष्मा खाली केला. “शून्य किमतीच्या गोष्टीसाठी तू तीन दिवस रजा काढून या थंडीत पोटावर सरपटतोयस?”

“माझ्या अब्रूचा प्रश्न आहे, ज्युनिस.”

“त्याला रकाना नाही,” ती म्हणाली आणि शिक्का मारला.

तिसरा दिवस, म्हणजे रजेचाही शेवटचा आणि मोसमाचाही. आता राहिलं होतं एकच दार, ओपल शूमाकरचं. ऐंशी वर्षांची म्हातारी, एकटी, साठ गाई, आणि तिचा दक्षिणेचा उतार म्हणजे वाऱ्याच्या दिवसात टर्क्यांचं माहेर, असं सगळा गाव म्हणे आणि तिला विचारायची एकाचीही छाती होत नसे. ड्वेनने टोपी काढली. कान लगेच लाल झाले.

“मला माहीत आहे तू कशाला आलायस,” म्हातारी दारातूनच म्हणाली. “शेड बघायला.”

“कुठली शेड?”

“बघ, कसा भोळा चेहरा करतो! कुठली शेड म्हणे!”

“आजी, मी देवाशपथ टर्कीसाठी आलोय. आज शेवटचा दिवस आहे. मला गावात लोक बटण म्हणतात.”

हे शेवटचं वाक्य त्याच्या तोंडून कसं निघालं ते त्यालाच कळलं नाही. म्हातारीने त्याला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. “बटण तूच होय?” ती म्हणाली, आणि तिच्या चेहऱ्यावर पहिल्यांदा थोडी दया दिसली. “बरं, चल. पण वाटेत डावीकडे बघायचं नाही. मी सोबत येते.”

आणि अशी ती वरात निघाली. पुढे ड्वेन, एका हातात बंदूक, दुसरा हात डाव्या डोळ्यावर टांग्याच्या घोड्याच्या झापडीसारखा धरलेला. मागे पुरुषी कोट घातलेली म्हातारी, काठी घेऊन. “डोकं वळलं हं! वळलं डोकं!” असं ती दर दहा पावलांनी ओरडे. त्या नादात ड्वेन एका खांबावर कपाळ आपटून पडता पडता राहिला. तो खांब अर्थातच शेडचा होता. पण त्याने तो पाहिला नाही, हे म्हातारीनेही कबूल केलं.

टेकडीच्या कडेला देवदारांची रांग होती. तिच्या आड गेल्याबरोबर वारा एकदम बंद झाला. खाली गाई कडबा खात होत्या, आणि त्यांच्या पायांत निदान चाळीस टर्क्या उभ्या, पिसं फुगवून, माना आत ओढून. गेल बोल्टेने अक्षरशः खरं सांगितलं होतं! या गोष्टीचा ड्वेनला जो धक्का बसला तो पचवायला वेळ नव्हता. तो गोठलेल्या शेणात आडवा झाला. गाईंपासून चांगला लांब, उताराच्या टोकाला, एक मोठा नर एकटाच उभा होता. अर्धा तास ड्वेन हलला नाही. मग नराने मान वर केली. ड्वेनने डोक्यावर नेम धरला, कारण टर्कीला मारतात ते डोक्यामानेतच, म्हणजे ती जागच्या जागी जाते. एक बार. नर तिथल्या तिथे आडवा.

“मारलीस की रे!” म्हातारी ओरडली.

ड्वेनच्या डोळ्यांत पाणी आलं आणि ते पापण्यांवरच गोठलं. “आजी, तुम्ही पाहिलंत ना? रविवारी चर्चमध्ये येऊन एवढंच सांगा, आपण पाहिलं म्हणून.”

म्हातारीचा चेहरा पुन्हा कठोर झाला. “मी कुणाला पाहिलं नाही. करवाला माझ्या रानात आला होता म्हणून सांगू? उद्या लोक म्हणतील, ओपलने शेडसाठी सलगी केली. जा बाबा तू. आणि डावीकडे बघू नकोस.”

झालं! एकुलता एक साक्षीदार गेला. पण पक्षी होता. त्याने पायाला परवान्याची चिठ्ठी बांधली, घरी आणला, आणि गेल सोलायला बसला. ड्वेन समोर स्टूल टाकून गेलच्या हातांवर नजर ठेवून. गेलने छाती चाचपली, मांड्या चाचपल्या, दोनदा चाचपल्या आणि शीळ घातली.

“काय नेम आहे रे तुझा! अख्ख्या अंगात एक छर्रा नाही. सगळे डोक्यात.”

“खरंच?” ड्वेन फुलला.

“म्हणजे मेलास,” गेल म्हणाला. “डॉकला छर्रा हवाय ना? डोकं तर आपण वाढत नाही.”

ड्वेनने कपाळावर हात मारला. वाईट नेमाचा माणूस असता तर आज सुटला असता. आयुष्यात पहिल्यांदा एवढी सुंदर गोळी झाडली आणि तीच अंगावर आली. आर्डिस सिंकपाशी उभी होती. ती हातातलं एकच ताट बराच वेळ पुसत राहिली.

टर्की गॅरेजमधल्या फ्रीजमध्ये ठेवली. फ्रीजला साखळी, साखळीला कुलूप, किल्ली ड्वेनच्या गळ्यात. रविवारी सकाळी टर्की ओव्हनमध्ये गेली तेव्हा तो ओव्हनसमोर स्टूल टाकून बसला. काचेतून पाहिलं, बटण नव्हतं. पुन्हा पाहिलं. चर्चला जायच्या थोडं आधी आर्डिसने ती बाहेर काढली, कापली, रश्शात घातली, आणि म्हणाली, “गॅरेजमधला मोठा डाव आण ना.” ड्वेन गेला. डाव काही सापडेना. त्याऐवजी काडतुसांची पेटी दिसली, आणि सवयीने त्याने मोजली. पाच आणली, एक झाडलं, उरायला हवीत चार. पेटीत तीन.

“गेल!” तो दातओठ खात पुटपुटला. बघता बघता माणसाने काडतूस लांबवलं! वहीत नोंद करायला वेळ नव्हता. तो आत आला तेव्हा आर्डिसने भांडं झाकलं होतं, आणि डाव तिच्याच हातात होता.

तळघरात यंदा गर्दी जास्त होती. ‘रानटर्की : ड्वेन थॉम्सेन’ या कार्डावर कुणीतरी लाल पेन्सिलीने छोटंसं बटण काढूनच ठेवलं होतं. प्रार्थना झाली, आणि डॉक प्लिहाल बाह्या सारून सगळ्यांच्या आधी टर्कीपुढे. हूबका, ज्युनिस, गेल, पास्टर बाई, सगळे अर्धवर्तुळात. ड्वेनला वाटलं, आता पळावं. छर्रा नाही, साक्षीदार नाही. उद्या दुसरं नाव पडेल आणि तेच थडग्यावर लिहितील.

डॉकने एक घास खाल्ला. “हं. मऊ आहे.” दुसरा घास. “फारच मऊ आहे. दुकानातल्यासारखी.” कुणीतरी फिसकन हसलं. डॉकने ड्वेनकडे बघत, हसत हसत, तिसरा घास दाबून चावला.

कट्.

तळघरभर ऐकू गेलं. डॉकचं हसू तसंच राहिलं, डोळे मात्र मोठे झाले. त्याने तोंडात दोन बोटं घातली आणि एक बारीकसा काळा छर्रा बाहेर काढला. मग पुन्हा बोटं घातली आणि अर्धा सोन्याचा दात काढला.

“छर्रा आहे,” पास्टर बाई पुढे वाकून म्हणाल्या, आणि मग दुप्पट आवाजात, “छर्रा आहे हो!”

काय तो गलका! हूबकाने ड्वेनच्या पाठीत थाप मारली, ज्युनिसने हात मिळवला, गेल सगळ्यांना सांगत सुटला की दक्षिणेचा उतार आपणच दाखवला. डॉक गालाला हात लावून उभा. गावातला एकमेव दंतवैद्य तोच, त्यामुळे त्याला आता साठ मैलांवर दुसऱ्याच्या खुर्चीत तोंड उघडायला जावं लागणार होतं. तरी माणूस दिलाचा. “ड्वेन,” तो तोंडाच्या एका बाजूने म्हणाला, “तुझी माफी मागतो. तू खरा.” एवढं ऐकायला ड्वेनने एक वर्ष काढलं होतं. त्याने डॉकला बटाट्याची कोशिंबीर वाढली, मऊ असते म्हणून.

परतताना गाडीत तो शीळ घालत होता. हूबकाच्या वळणापर्यंत शीळ चालली. मग मंदावली. मग थांबली.

“आर्डिस.”

“काय?”

“गेल म्हणाला होता, अंगात एकही छर्रा नाही.”

“गेलला काय कळतं.”

“आणि माझं एक काडतूस कमी आहे.”

आर्डिस समोरच्या रस्त्याकडे बघत राहिली. “मी कापलं,” ती म्हणाली. “भाजी चिरायच्या सुरीने. तीन छर्रे घातले. तू खरी मारली होतीस ना? मग झालं. तुझं तोंड बघवत नव्हतं मला.”

ड्वेनने गाडी हळू केली. वाऱ्यावर बर्फाचा भुगा रस्त्यावरून आडवा वाहत होता. पुढचा प्रश्न कुठला येणार हे ती ओळखून होती. तिने हातमोजे काढून मांडीवर ठेवले.

“आर्डिस,” तो अगदी हळू म्हणाला, “गेल्या वर्षीचं ते…”

“बिस्किटने खाल्ली तुझी टर्की,” ती एका दमात म्हणाली. बिस्किट म्हणजे त्यांचा कुत्रा. “टेबलावरून ओढली, कच्चीच. तू टेबलं मांडायला गेला होतास. मी दुकानात धावले, मिळाली ती आणली, भाजली. बटण काढायचं राहिलं. तुला तीनदा सांगायला आले रे. पण तू वही उघडली होतीस. आणि माझ्यापुढे साक्षीदार लिहिलं होतंस. मला लाज वाटली.”

एक वर्ष. डॉक, गेल, कॉफीची मंडळी, पास्टर बाई, एक मोडकं फाटकसुद्धा. सगळ्यांवर त्याने संशय घेतला होता आणि या एका बाईवर नाही. तिच्या डोळ्यांत पाणी आलेलं त्याने पाहिलं. हिने काडतूस कापताना बोट कापून घेतलं होतं, इतका वेळ हातमोज्याआड असलेली चिकटपट्टीही त्याला आत्ता दिसली.

“आता तू सांगशील गावाला,” आर्डिस म्हणाली. “सांग. तुझा हक्कच आहे. बटण माझं होतं म्हणून सांग.”

ड्वेनने हात लांब करून गाडीतला हीटर तिच्या बाजूला वळवला.

“कसलं बटण?” तो म्हणाला.